पेशीला वर-खाली कळतं कसं, आणि विषाणू नेमकं तेच का मोडतो?

दंडोबा (धागाकर्ता)

सांगलीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. घराघरांत एचपीव्ही (गर्भाशयमुखाचा कॅन्सर आणणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) लशीची चर्चा सुरू झाल्यापासून वर्गात एक प्रश्न हमखास येतो: "सर, सर्दीचा विषाणू आठवड्यात निघून जातो, मग ह्याच विषाणूनं कॅन्सर का होतो? त्यात त्याचा फायदा काय?" प्रश्न झकास आहे. गाइडमधलं उत्तर असं: विषाणूचं ई६ प्रथिन पी५३ ला संपवतं, ई७ प्रथिन आरबीला निकामी करतं (पी५३ आणि आरबी ही पेशीचीच, तिच्या वाढीला लगाम घालणारी प्रथिनं), पेशी बेसुमार वाढते, कॅन्सर होतो. त्यात खोटं काहीच नाही, पण 'का'चं उत्तरही नाही. ते सापडतं अभिस्तराच्या पेशींवर गेल्या पंचेचाळीस-पन्नास वर्षांत झालेल्या कामात. आणि हे काम झालं कुत्र्याच्या मूत्रपिंडावर, एका इवल्या कृमीवर आणि पिकल्या केळ्यावर बसणाऱ्या चिलटांवर. लांब लिहिलंय, चहा घेऊन बसा.

आधी अभिस्तर. त्वचा, तोंडाचं आतलं अस्तर, आतडं, मूत्रपिंडातल्या नलिका, गर्भाशयाचं मुख, म्हणजे शरीर जिथे जिथे बाहेरच्या किंवा पोकळ जागेला भिडतं तिथे या पेशींचा थर असतो. रक्तातल्या पेशीला वर-खाली नसतं, अभिस्तरातल्या पेशीला असतं. आतड्याची पेशी घ्या. अन्नातलं ग्लुकोज आत ओढणारी प्रथिनं तिच्या वरच्या पृष्ठभागावर असतात आणि तेच ग्लुकोज रक्ताकडे सोडणारी खालच्या व बाजूच्या पृष्ठभागावर. ही अदलाबदल झाली तर जेवलेलं अंगी लागायचं नाही. दोन्ही पृष्ठभागांच्या सीमेवर शेजारच्या पेशीशी घट्ट सांधा असतो, त्यामुळे वरची प्रथिनं खाली घसरत नाहीत आणि खालची वर येत नाहीत. या वर-खालीला म्हणायचं ध्रुवीयता.

गंमत म्हणजे ही गोष्ट ठसठशीत दाखवून दिली ती विषाणूंनीच. १९५८ साली मॅडिन आणि डार्बी यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातून काढलेल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या जात होत्या (एमडीसीके या नावाने त्या आजही जगभर वापरात आहेत). १९७८ मध्ये न्यूयॉर्कला एन्रिके रॉड्रिगेझ-बूलान आणि डेव्हिड सबातिनी यांनी त्यांना वेगवेगळ्या विषाणूंची लागण करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. इन्फ्लुएन्झाचे नवे विषाणू फक्त वरच्या बाजूने बाहेर पडत होते. गुराढोरांच्या तोंडाला फोड आणणारा व्हीएसव्ही हा विषाणू मात्र खालून आणि बाजूंनी. पेशी एकच, पण कोणता माल कुठल्या बाजूला पोचवायचा हे ती ओळखत होती, आणि विषाणू तीच व्यवस्था वापरत होते.

पण पेशीला वर कुठलं हे सांगतं कोण? १९८८ मध्ये केन केम्फ्यूस आणि सहकाऱ्यांनी एका सूक्ष्म गोलकृमीत 'पार' नावाची जनुकं शोधली. ती बिघडली की कृमीच्या एकपेशीय गर्भाला पुढचं-मागचं कळत नाही आणि पहिलंच विभाजन चुकतं. तिकडे फळमाशीवर (तीच ती केळ्यावरची चिलटं) काम करणाऱ्यांकडे आणखी तीन जनुकं होती: एलजीएल, डीएलजी आणि स्क्रिबल. यातलं कुठलंही एक पूर्ण गेलं की अळीच्या पोटात पंख-डोळे ज्यांपासून बनायचे त्या चकत्या वेड्यावाकड्या वाढत सुटतात, अळीचा कोष होत नाही, ती फुगते आणि मरते. २००० साली डेव्हिड बिल्डर आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांच्या कामातून दिसलं की ही तिन्ही प्रथिनं एकाच कामात एकमेकांना धरून आहेत, आणि ते काम म्हणजे पेशीची खालची-बाजूची हद्द राखणं.

आज चित्र साधारण असं आहे. वरच्या बाजूला पार-३, पार-६ आणि एपीकेसी यांचा गट, त्यांच्या जोडीला क्रम्ब्जचा गट. खालच्या बाजूला स्क्रिबल, डीएलजी, एलजीएल. हे गट एकमेकांना आपल्या हद्दीत येऊ देत नाहीत. उदाहरणार्थ, एपीकेसी हे एलजीएलला फॉस्फेट चिकटवतं आणि तेवढ्याने एलजीएल वरच्या पडद्यावरून सुटून बाजूला होतं. कुणी वरून हुकूम देत नाही. परस्परांच्या रेटारेटीतून हद्द ठरते.

फळमाशीतली खरी महत्त्वाची बाब अशी की ध्रुवीयता गेली तेव्हा पेशींचा फक्त आकार बिघडला नाही, त्यांची वाढही थांबेना. म्हणजे 'मी कुठे उभी आहे' आणि 'मी आता विभागू का' हे दोन प्रश्न पेशीच्या आत जोडलेले आहेत.

आता विषाणू. १९९७ मध्ये ह्यूस्टनच्या रोनाल्ड जेव्हियर यांच्या गटाने एक निबंध छापला. त्यात एकमेकांशी काही नातं नसलेले तीन विषाणू होते: एचपीव्ही, उंदरांच्या मोठ्या जातीत (रॅट) स्तनाच्या गाठी आणणारा अ‍ॅडिनोव्हायरस ९, आणि माणसात टी-पेशींचा रक्ताचा कॅन्सर आणणारा एचटीएलव्ही-१. तिघांच्या कॅन्सरकारक प्रथिनांच्या शेपटाला जवळपास सारखाच चार अमिनो आम्लांचा तुकडा होता, आणि तो तुकडा माणसाच्या डीएलजीला जाऊन चिकटत होता, त्याच फळमाशीवाल्या डीएलजीच्या मानवी भावंडाला. डीएलजीवरच्या ज्या खाचेत हे शेपूट बसतं तिला पीडीझेड म्हणतात. पुढे २००० मध्ये एचपीव्हीचं ई६ स्क्रिबललाही पकडून पेशीच्या कचरायंत्रणेकडे पाठवतं हे दिसलं. कॅन्सरशी संबंध असलेल्या १६ आणि १८ या प्रकारांच्या ई६ ला हे शेपूट आहे. नुसते चामखीळ आणणाऱ्या ६ आणि ११ ला नाही.

तीन वेगळ्या वाटांनी आलेले विषाणू एकाच खाचेत हात घालतात, तेव्हा तिथे काहीतरी मिळत असणार. काय ते एचपीव्हीच्या आयुष्याकडे पाहिलं की कळतं. तो त्वचेला किंवा अस्तराला पडलेल्या बारीक ओरखड्यातून सर्वांत खालच्या थरातल्या पेशीत शिरतो. त्याचा डीएनए जेमतेम आठ हजार जोड्यांचा, आणि डीएनएची नक्कल करणारं स्वतःचं पॉलिमरेज त्याच्याकडे नाही. त्यासाठी विभागणारी पेशीच लागते. पण अभिस्तरात नियम असा की खालच्या थरातली पेशी विभागते, आधार सोडून वर सरकू लागली की विभाजन बंद करते, चपटी होते, शेवटी गळून पडते. विषाणूला नक्कल वाढवायची आहे ती मधल्या थरात आणि बाहेर पडायचं आहे वरून गळणाऱ्या पेशींबरोबर. म्हणजे जिने थांबायला हवं तिला थांबू द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. ई७ आरबीला हटवून पेशीला नक्कल करायला लावतं. तेवढ्याने पी५३ जागं होऊन पेशीला मारेल, म्हणून ई६ पी५३ ला हटवतं. आणि 'तू आता खाली नाहीस' हे सांगणाऱ्या ध्रुवीयतेच्या प्रथिनांना ई६ चं शेपूट गप्प करतं.

कॅन्सर हे त्याचं उद्दिष्ट नाहीच. पुष्कळ कॅन्सरांत विषाणूचा डीएनए तुटून पेशीच्या गुणसूत्रात अडकलेला असतो. अशा पेशीतून नवा विषाणू बाहेर पडत नाही. विषाणूच्या दृष्टीने तो वंशनाश आहे. माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे: फायदा शून्य. जाणकारांनी भर घालावी.

कृष्णाकाठ

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. आमच्या जुन्या वाड्याला दिंडी दरवाजा वेगळा आणि परसदार वेगळं. पाहुणा पुढून, सरपण मागून. पेशीचंही तसंच म्हणायचं का?

दंडोबा

कृष्णाकाठ, चालेल की, पण एक फरक धरा. वाड्याचं दार गवंड्याने एकदा बसवलं की बसलं. पेशीला तिची दारं सतत राखावी लागतात. आतल्या प्रथिनांची ये-जा थांबवली तर काही तासांत सरमिसळ सुरू होते. म्हणून तर विषाणूला भिंत फोडावी लागत नाही, राखणारं प्रथिन काढलं की काम झालं.

मिरज_जंक्शन

उत्तम धागा. मी मिरजेत पॅथॉलॉजी करतो, म्हणून काचेवरून दिसणारी बाजू सांगतो.

गर्भाशयमुखाच्या निरोगी अस्तराचा उभा छेद घेतला तर तळाला गडद केंद्रकाच्या, दाटीवाटीने उभ्या पेशी दिसतात. वर जाल तशा त्या फिकट, चपट्या होत जातात. एचपीव्ही टिकून राहिला आणि बिघाड सुरू झाला की तळासारख्या दिसणाऱ्या पेशी वर चढू लागतात. खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत असल्या तर सीआयएन-१ (कॅन्सरपूर्व बिघाडाची पहिली पायरी), दोन तृतीयांशापर्यंत सीआयएन-२, त्याहून वर किंवा पूर्ण जाडीभर असल्या तर सीआयएन-३. मधल्या-वरच्या थरात विभाजनाच्या आकृत्या सापडतात, जिथे एकही असायला नको. दंडोबा सरांनी जे प्रथिनांच्या भाषेत लिहिलं तेच आम्ही रोज गुलाबी-जांभळ्या रंगात बघतो.

जागाही ठरलेली असते. गर्भाशयमुखावर बाहेरचं अनेक थरांचं अस्तर आणि आतलं एका थराच्या उंच पेशींचं अस्तर जिथे भेटतात, त्या पट्ट्यात बहुतेक कॅन्सर सुरू होतात. म्हणून नमुना त्या पट्ट्यातून घ्यावा लागतो. तो पट्टा चुकला तर अहवाल निर्दोष येऊनही उपयोग नसतो.

एक थंड पाण्याचा शिडकावा मात्र करतो. ध्रुवीयता गेली म्हणून कॅन्सर झाला, की कॅन्सर होता होता ध्रुवीयता गेली, हे काचेवर पाहून कळत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत इस्ट्रोजेनच्या जोडीला एकटं ई७ दिलं तरी गर्भाशयमुखाचा कॅन्सर होतो. त्यामुळे शेपूट हाच खलनायक असं चित्र उभं राहायला नको.

अजिंक्यतारा

साताऱ्याचा, सध्या पेशीजीवशास्त्रात संशोधन करतो (फळमाशी, दुसरं काय). मिरज_जंक्शन डॉक्टरांचा मुद्दा रास्त आहे, पण शेपटाच्या बाजूने चांगला पुरावा आहे, तो इथे नोंदवायला हवा.

पहिला पुरावा उंदरांचाच. त्वचेत ई६ बनवणाऱ्या उंदरांत अस्तर जाड होतं. ई६ चं फक्त ते शेपूट कापलं, बाकी प्रथिन तसंच ठेवलं, तर ती जाडी येत नाही. आणि शेपूट कापलेलं ई६ पी५३ ला तरीही हटवतं. म्हणजे पी५३ आणि पीडीझेड ही दोन वेगळी कामं आहेत. ई७ च्या जोडीला ई६ दिल्यावर गर्भाशयमुखाचा कॅन्सर वाढतो, त्यालाही हे शेपूट लागतं. डॉक्टरांचं ई७ मुख्य, ई६ त्याला बळ देणारं, असं म्हणू या.

दुसरा पुरावा मला जास्त आवडतो, कारण त्यात कॅन्सरचा विषयच नाही. एचपीव्ही ३१ च्या पूर्ण जनुकसंचात फक्त ई६ चं शेपूट बिघडवून तो त्वचेच्या पेशींत घातला, तर पेशी मंद वाढतात आणि विषाणूचा डीएनए त्यांच्यात नीट टिकत नाही. म्हणजे शेपूट विषाणूच्या नेहमीच्या संसारासाठी आहे. दंडोबा सरांच्या 'फायदा शून्य' या उत्तराला याहून चांगला आधार नाही.

आता माशीची बाजू. अख्ख्या चकतीत स्क्रिबल नसेल तर गाठ होते, हे खरं. पण निरोगी पेशींच्या मध्ये स्क्रिबल नसलेल्या मोजक्याच पेशी सोडल्या तर शेजारणी त्यांना जगू देत नाहीत. जेएनके नावाचा संकेत चालू होतो आणि त्या मरतात. २००३ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की अशाच पेशींत रास हे पेशीला वाढायला लावणारं जनुक कायमचं चालू ठेवलं तर उलट होतं: त्या मरत नाहीत, वाढतात आणि शेजारच्या ऊतीत घुसतात. एकटं रासही एवढं करत नाही. ध्रुवीयता जाणं धोक्याचं, पण त्याला जोडीदार लागतो. माणसात लागण आणि कॅन्सर यांच्यात पंधरा-वीस वर्षं जातात, त्याचं एक कारण मला तरी यात दिसतं.

बत्तीस_शिराळा

लई भारी चाललंय. पण आमच्याकडं कॅन्सर म्हटलं की तोंडाचाच बगतोय ओ आम्ही. गालात गुटखा धरून बसल्याला. तिथंबी ह्यो विषाणूच हाय का? मग तंबाखूला उगंच नावं ठेवायची का?

मिरज_जंक्शन

दादा, तंबाखूला सूट मिळणार नाही! गालाचा, हिरडीचा कॅन्सर आपल्याकडे मुख्यतः तंबाखू आणि सुपारीचा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, ती किती पाळली जाते हे तुम्ही-आम्ही टपरीवर बघतोच. एचपीव्हीचा संबंध जास्त आहे तो मागच्या बाजूच्या कॅन्सरशी, टॉन्सिल आणि जिभेचं मूळ. अमेरिका-युरोपात असे रुग्ण बरेच वाढलेत. शिवाय तंबाखू गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचाही धोका वाढवतो, त्यामुळे तिथेही तो निर्दोष नाही.

हरिपूरचं_पेव

आमचा हळदीचा पिढीजात धंदा, म्हणून विचारतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय की हळदीतल्या कर्क्युमिनने एचपीव्हीचं ई६ बंद पडतं. खरं असेल तर जीआयवाल्या सांगलीच्या हळदीला सोन्याचा भाव येईल.

अजिंक्यतारा

भाव येऊ दे, मला आनंदच आहे, पण या कारणाने नको. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर कर्क्युमिन ओतलं की ई६-ई७ कमी होतात असे प्रयोग झालेत. पण बशीत कितीही ओतता येतं. पोटातून घेतलेलं कर्क्युमिन रक्तात फारच थोडं उतरतं. हळद-दूध प्या, पण तपासणी किंवा उपचार टाळून नको.

बशीवरून एक सांगण्यासारखं. हेला पेशी ऐकल्या असतील, १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून घेतलेल्या. त्यांच्यात एचपीव्ही १८ चा डीएनए अडकलेला आहे. इतकी दशकं बशीत वाढूनही त्या पेशी आजही ई६-ई७ वर अवलंबून आहेत. ती बंद पाडली तर पी५३ आणि आरबी पुन्हा कामाला लागतात आणि पेशी विभागायची थांबते. म्हणून ई६ च्या मागे औषधवाले लागलेले आहेत. शेपूट जिथे बसतं ती खाच अडवणारे रेणूही प्रयोगशाळेत तपासले गेलेत. पण औषधाच्या दुकानात अशी गोळी आजच्या घडीला नाही.

औदुंबर

एक शंका, जरा तिरकी. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही यकृताचा कॅन्सर करतात. एपस्टाइन-बार १९६४ मध्ये सापडला, कॅन्सरशी जोडला गेलेला माणसातला पहिला विषाणू. या सगळ्यांना हीच शेपटी आहे का? नसेल तर 'विषाणू नेमकं तेच का मोडतो' हे शीर्षक जरा जास्तच बोलतंय.

दंडोबा

सगळ्यांना नाही. हिपॅटायटिसची वाट बरीच वेगळी. वर्षानुवर्षं यकृताला सूज, पेशी मरतात, नव्या बनतात, व्रण साचतात, त्यात बिघाड जमा होतो. हिपॅटायटिस बी चा डीएनएही गुणसूत्रात अडकतो. पण सी ची एक गोष्ट या धाग्यात बसते: यकृताच्या पेशीत शिरताना त्याला क्लॉडिन-१ आणि ऑक्लुडिन लागतात, आणि ही दोन्ही त्याच घट्ट सांध्याची प्रथिनं. तिथे तो सांधा मोडायला आलेला नाही, त्याला धरून आत येतो.

याउलट विषाणू नसलेला एक गडी मात्र ध्रुवीयतेवरच घाव घालतो. जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो कॅगए नावाचं प्रथिन सुईसारख्या यंत्रणेतून थेट पेशीत टोचतो. २००७ मध्ये जपानच्या हाताकेयामा यांच्या गटाने दाखवलं की कॅगए हे पार-१ ला पकडून त्याचं काम थांबवतं, घट्ट सांधे सुटतात आणि पेशीची वर-खालीची जाण जाते. तोच पार, ज्याचं नाव केम्फ्यूस यांच्या कृमीवरून पडलं. जठराच्या कॅन्सरशी या जिवाणूचा संबंध पक्का आहे. त्यामुळे शीर्षक तसंच ठेवतो, 'विषाणू'च्या जागी 'काही विषाणू आणि एक जिवाणू' असं मनात वाचा.

अजिंक्यतारा

औदुंबरांच्या शंकेला दुसरीकडूनही पुस्ती. शेपूट आहे म्हणून कॅन्सर होतोच असंही नाही. पक्ष्यांतल्या बऱ्याच इन्फ्लुएन्झा विषाणूंच्या एनएस१ प्रथिनाला असंच शेपूट आहे, ते स्क्रिबलला चिकटतं. २००३ च्या सार्सच्या ई प्रथिनाला आहे, ते क्रम्ब्जच्या गटातल्या पॅल्स१ ला पकडतं. फ्लूने कुणाला गाठ झाली नाही. हे विषाणू काही दिवसांत पेशी मारून पुढे जातात. एचपीव्ही पेशीला न मारता वर्षानुवर्षं तिच्यातच राहतो. माझ्या मते कॅन्सर ठरतो तो तिथे.

माहुलीची_लेक

प्रथिनांचं निम्मं कळलं, निम्मं नाही. पण मुलगी बारा वर्षांची आहे आणि सासूबाई अठ्ठावन्नच्या. सासूबाई म्हणतात, "पिशवीच्या तोंडाची ती लस मला पण द्या, मी काय घोडं मारलंय?" त्यांना काय सांगू? आणि मुलीला एकच डोस पुरतो असं कुणी सांगतं, कुणी दोन म्हणतं.

मिरज_जंक्शन

ताई, सासूबाईंचा प्रश्न या धाग्यात अगदी बसतो. लशीमुळे जी प्रतिपिंडं तयार होतात ती विषाणूच्या बाहेरच्या कवचाविरुद्ध, एल१ प्रथिनाविरुद्ध. विषाणू पेशीत शिरायच्या आधी ती त्याला अडवतात. पण एकदा तो तळाच्या पेशीत बसला की तिथे एल१ बनतच नाही, ते बनतं अगदी वरच्या, गळायला आलेल्या थरात. त्यामुळे आधीची लागण लशीने जात नाही. शरीराला लागणीचा पत्ता उशिरा लागतो तेही यामुळेच: पेशी फुटत नाही, विषाणू रक्तात उतरत नाही, सगळा माल वरून बाहेर जातो. तरीही बहुतेक लागणी दोनेक वर्षांत आपोआप आटोक्यात येतात. प्रश्न उरलेल्या थोड्यांचा.

सासूबाईंना लस नको, तपासणी हवी. व्हिनेगरसारखं सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून पांढरा डाग बघतात ती व्हीआयए तपासणी सोपी आहे, पण पाळी गेल्यावर मी सांगितलेला तो पट्टा आत सरकतो आणि डोळ्याला नीट दिसत नाही. त्यांच्या वयाला एचपीव्हीची डीएनए चाचणी किंवा पॅप (पेशी खरवडून काचेवर बघायची चाचणी) बरी. आणि पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जात असेल तर तपासणी शिबिराची वाट न बघता सरळ स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या.

डीएनए चाचणीचा सर्वांत मोठा पुरावा लांबचा नाही. उस्मानाबाद, आताचं धाराशिव. १९९९ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायका होत्या, बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाचा त्यात मोठा हात. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत तेवढा फरक दिसला नाही. तुलनेसाठीच्या गटातल्या बायकांची तपासणीच केली नाही यावर पुढे बरीच टीका झाली, आणि माझ्या मते ती योग्य होती.

डोसचं म्हणाल तर ती गोष्टही इथलीच. २००९ मध्ये भारतात दोन डोस पुरतात की तीन लागतात याचा अभ्यास सुरू झाला, बार्शी त्यातलं एक केंद्र. २०१० मध्ये वेगळ्याच एका प्रकल्पावरून वाद पेटला, सरकारने लशीच्या चाचण्या थांबवल्या, आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्या मुलींचा मागोवा मात्र सोडला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तर १६ आणि १८ च्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसचं संरक्षण ९५ टक्क्यांच्या आसपास, दोन-तीन डोसांच्या बरोबरीचं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला त्यात या आकड्यांचा वाटा आहे. लशीच्या पत्रकावर ९ ते १४ वयाला सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस लिहिलेले असतात. दोन्ही सांगणारे आपापल्या परीने बरोबर आहेत. तुमच्या डॉक्टरांकडे आज कोणतं वेळापत्रक चालू आहे ते विचारा. पुण्यात बनणारी लस २०२३ पासून बाजारात आहे.

हे सगळं कशासाठी, तर २०२२ च्या अंदाजानुसार भारतात या कॅन्सरचे वर्षाला १,२७,००० च्या आसपास नवे रुग्ण आणि जवळपास ८०,००० मृत्यू. आणि हा आधी पकडता येणारा कॅन्सर आहे!

माहुलीची_लेक

डॉक्टर, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. "उस्मानाबादच्या बायकांनी केलं तर मी पण करते" म्हणाल्या. लाल जाण्याचं मात्र विचारल्यावर गप्प बसल्या, त्यामुळे आधी स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतेय.

मिरज_जंक्शन

तेच आधी करा.

बारावी_ब

दंडोबा सर, मी तुमच्याच वर्गातला, ओळखू नका. मुलांना लस का नाही? आणि आपल्या लॅबमध्ये ध्रुवीयता दिसेल का?

दंडोबा

ओळखलं. मुलांनाही देता येते. ऑस्ट्रेलियात २०१३ पासून शाळेत मुलांनाही देतात. टॉन्सिलचा कॅन्सर पुरुषांना होतोच, आणि विषाणू पसरवणाऱ्यांत अर्धे आपण आहोत. जिथे पैसा मोजका तिथे आधी मुली, असा हिशेब आहे.

लॅबमध्ये गालाच्या आतून खरवडून मेथिलीन ब्लू लावतो त्या पेशी वरच्या थरातल्या, आधीच सुट्या झालेल्या असतात. त्यांच्यात वर-खाली दिसणार नाही. त्यासाठी उभा छेद हवा. कपाटात आतड्याच्या तयार काचपट्ट्या आहेत, सूक्ष्मदर्शकाची ४०ची भिंग लाव. केंद्रकं सगळी खालच्या अंगाला एका ओळीत आणि वरच्या कडेला बारीक झालर दिसेल. आकृती दोन्ही बाजूंची नावं घालून काढ. 'वरची बाजू' एवढंच लिहिलंस तर अर्धा गुण.